तेल, कायदा आणि किमतीची दरी

या व्यासपीठावरून राज्यांचे उदयास्त आणि संतांची चरित्रे ऐकण्याची आपणांस सवय आहे. आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत तो इतिहास रॉकेलच्या डब्याचा आणि भट्टीच्या तेलाच्या पिंपाचा आहे. विषय रुक्ष वाटेल; परंतु या इतिहासात कर्तव्यनिष्ठ माणसांचे प्राण गेले आहेत आणि कित्येक सचोटीच्या व्यापाऱ्यांच्या मानेवर संशयाचे जोखड बसले आहे. इंधनभेसळीला आळा घालणारे नियम कसे आले, ते कोणाला बोचले आणि भेसळ अखेर कशाने ओसरली, हे तीन प्रश्न आपण क्रमाने पाहू.

खनिज तेलाविषयीचे आपल्याकडील जुने कायदे आगीच्या भयातून जन्मले. रॉकेलमध्ये हलके तेल मिसळलेले असले तर दिव्याचा भडका उडे आणि घरे जळत. म्हणून किती उष्णतेला तेलाची वाफ ज्योत धरते, ही कसोटी सरकारने ठरवली. १८९९ चा आणि त्यानंतर १९३४ चा पेट्रोलियम कायदा याच कसोटीवर उभा राहिला. साठा कोठे व किती करावा, पिंपे कशी असावीत, वाहतूक कशी व्हावी, याची बंधने त्यातून आली. ही बंधने व्यापाऱ्याला जाचक वाटली तरी त्यांचा हेतू त्याला पटण्यासारखा होता. कारण आग लागली तर पहिले गोदाम त्याचेच जळणार होते.

स्वातंत्र्यानंतर भयाचे रूप पालटले. तुर्भ्याला १९५४ आणि १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने सुरू झाले, आणि १९५५ सालीच संसदेने जीवनावश्यक वस्तूंचा कायदा केला. आता चिंता टंचाईची होती. धान्याप्रमाणे तेलही साठेबाजाच्या हाती जाऊ नये, म्हणून त्याचा पुरवठा, वाटप आणि भाव यांवर हुकूम काढण्याचा अधिकार सरकारकडे आला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, जगभर भाव भडकले, आणि आपल्याकडे किमती ठरवण्याचे काम सरकारने अधिकच घट्ट धरून ठेवले. गरिबाच्या चुलीला आणि कंदिलाला लागणारे रॉकेल स्वस्त ठेवावे, हा त्यातील विचार माणुसकीचा होता. त्याला नावे ठेवण्याचे आमच्या मनातही नाही.

परंतु याच माणुसकीच्या पोटी एक दरी तयार झाली. रॉकेल आणि डिझेल ही गुणाने जवळची तेले. एक दुसऱ्यात सहज मिसळते आणि गाडी तरीही चालते. २०११ च्या आरंभी दिल्लीत रेशनचे रॉकेल लिटरला सुमारे तेरा रुपये होते, तर डिझेल सुमारे अडतीस. बारा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये पाचवा हिस्सा रॉकेल घातले, तर एका खेपेत साठ हजार रुपये सुटतात, हा हिशेब चौथीतला मुलगाही करील. २००५ सालच्या एका राष्ट्रीय पाहणीचा निष्कर्ष असा होता की, रेशनच्या रॉकेलपैकी सुमारे ३८ टक्के भलतीकडेच वळते. म्हणजे ज्या विधवेच्या नावाने तेल स्वस्त ठेवले, तिच्या डब्यात ते पोहोचतच नव्हते.

मग हुकमांची मालिका सुरू झाली. १९९३ साली रॉकेलच्या वापरावर व भावावर निर्बंध घालणारा आदेश निघाला. २००० साली नाफ्था आणि सॉल्व्हंट यांविषयी स्वतंत्र आदेश आले. २००५ साली पेट्रोल व डिझेल यांच्या पुरवठ्यातील गैरव्यवहार रोखणारा आदेश नव्याने काढला गेला. यांतील २००० सालचे आदेश आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे; कारण येथे कायद्याचा हात पेट्रोलपंपावरून उठून कारखान्याच्या दारात आला.

सॉल्व्हंट म्हणजे विद्रावक. रंगाचा कारखानदार रंग पातळ करण्यासाठी मिनरल टर्पेंटाइन वापरतो. सोयाबीनच्या पेंडीतून उरलेले तेल काढण्यासाठी हेक्झेन लागते. रबराचे काम करणाऱ्यालाही असलाच द्रव लागतो. या मंडळींचा मोटारीशी काडीचा संबंध नाही. तरी त्यांचा माल पेट्रोलमध्ये खपू शकतो, एवढ्याच कारणाने त्यांना परवाना घेणे, साठ्याची नोंद ठेवणे आणि माल कोठे वापरला याचा हिशेब देणे भाग पडले. मोठ्या कंपनीला यासाठी कारकून ठेवता येतो. चार पिंपे घेऊन धंदा करणारा लहान व्यापारी मात्र दुकान सांभाळील की कचेरीच्या पायऱ्या झिजवील? शिवाय जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यात जप्त माल सरकारजमा करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि आपल्या मनात गुन्ह्याचा हेतू नव्हता हे दाखवण्याचे ओझे आरोपीवर आहे. नोंदवहीतील चूक आणि लबाडी यांतील अंतर अशा वेळी फार थोडे उरते.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखानदार हा भेसळीचा संशयित असतो तसाच तो तिचा बळीही असतो. भट्टीच्या तेलात पाणी किंवा वापरून टाकलेले वंगण मिसळले, तर बर्नरची तोंडे तुंबतात, राख साचते, बाष्पक गंजतो. या तेलासाठी भारतीय मानक १५९३ ठरलेले आहे. पण मानक कागदावर आणि पिंप अंगणात, अशी स्थिती असेल तर त्याचा उपयोग काय? म्हणून सचोटीच्या व्यापाऱ्याला नियम हवेच असतात. भेसळ करणारा शेजारी स्वस्त विकू लागला की प्रामाणिक दुकानाला टाळे लागायला वेळ लागत नाही.

हुकूम निघाले, युक्त्याही निघाल्या. रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिला. तो काढून टाकणारे निघाले. २००६ साली रॉकेलमध्ये ओळख पटवणारे रसायन घालण्यात आले. तेही नाहीसे करता येते असे आढळले आणि २००८ अखेर तो प्रयोग आटोपला. या झटापटीत माणसे पडली. १९ नोव्हेंबर २००५ रोजी उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यात इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम यांचा खून झाला; भेसळीबद्दल पंपावर कारवाई केली, हा त्यांचा अपराध. २५ जानेवारी २०११ रोजी आपल्याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडी येथे, अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. ज्या तेलाची चोरी ते थांबवू पाहत होते, त्याच तेलाने त्यांचा प्राण घेतला. ही घटना आठवताना आजही आमचा शब्द अडखळतो.

मग भेसळ ओसरली कशाने? धाडींनी धाक बसला, हे खरे. पण मूळ हलले ते दरी बुजू लागली तेव्हा. २०१६ पासून रेशनच्या रॉकेलचा भाव पंचवीस-पंचवीस पैशांनी चढवत नेला आणि २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपले. त्याच काळात घरोघर गॅस आणि वीज पोहोचल्याने रॉकेलची गरजच घटली. जे काम निळ्या रंगाला आणि रसायनाला साधले नाही, ते भावाने साधले.

येथे इतिहास संपला असता तर आम्ही निश्चिंतपणे खाली बसलो असतो. परंतु १ जुलै २०१७ पासून भट्टीचे तेल आणि सॉल्व्हंट वस्तू व सेवा कराखाली आले, पेट्रोल व डिझेल मात्र बाहेर राहिले. मे २०२० मध्ये डिझेलवरील केंद्रीय कर एकदम लिटरमागे तेरा रुपयांनी वाढला. त्यानंतरच्या काळात गुजरातेत व अन्यत्र बायोडिझेलच्या नावाखाली औद्योगिक तेले मालमोटारींच्या टाक्यांत ओतली जात असल्याचे उघडकीस आले. पूर्वी अनुदानाने जी दरी खणली होती, तीच आता कराने खणली गेली.

या शंभर-सव्वाशे वर्षांवरून आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे. कायद्याने तेलावर पहारा ठेवावा, दोषी माणसाला कठोर शासन करावे. पण भाव आणि कर ठरवणाऱ्यांनी दोन सारख्या तेलांमध्ये किती अंतर पडते याकडे आधी लक्ष द्यावे. ते अंतर मोठे ठेवून वर नियमांची भिंत उभारली, तर लबाड मनुष्य भिंतीवरून उडी मारतो, प्रामाणिक मनुष्य तिच्या पायथ्याशी कागद भरत बसतो, आणि एखादा सोनवणे तिचे रक्षण करताना एकटा पडतो. पंपावर उभे राहिलो असता गाळणकागदाची चाचणी आणि घनता दाखवा, असे म्हणण्याचा आपल्या प्रत्येकाला अधिकार आहे. तो आपण वापरू लागलो, तरी त्यांचे एकटेपण थोडे कमी होईल.