लेथचा वेग कोण ठरवतं?

वर्कशॉपमधल्या बहुतेक मोटरींच्या पाटीवर 1440 आरपीएमच्या आसपासचा आकडा दिसतो. तो लेथवाल्याने ठरवलेला नाही. तो ठरतो वीजपुरवठ्याच्या 50 सायकलवरून. चार पोलची मोटर घेतली की तिचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला 1500 फेरे घेणार आणि रोटर त्याच्या जरा मागे धावणार. तुमचं काम पितळेचं असो की बिडाचं, मोटरीला त्याच्याशी देणंघेणं नाही.

त्याआधी लाइन शाफ्टचा जमाना होता. एक वाफेचं इंजिन, छताखाली फिरणारा लांबलचक शाफ्ट आणि त्यावरून प्रत्येक मशिनवर उतरणारा चामडी पट्टा. वेग बदलायचा तर पट्टा कोन पुलीच्या दुसऱ्या पायरीवर ढकलायचा. त्यात कामगारांची किती बोटं गेली असतील कुणास ठाऊक! वीज आली तेव्हाही अनेक कारखान्यांनी आधी एवढंच केलं, की इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. वर शाफ्ट तोच, पट्टे तेच.

1888 मध्ये टेस्ला आणि फेरारिस यांनी फिरत्या चुंबकीय क्षेत्राची मोटर मांडली. 1889 मध्ये दोलिवो-दोब्रोवोल्स्कीने थ्री फेज मोटर बनवली. ब्रश नाही, कम्युटेटर नाही, स्वस्त आणि दणकट. हळूहळू प्रत्येक मशिनला स्वतःची मोटर मिळाली. खोट एकच, तिला वेग एकच. वॉर्ड लिओनार्डने 1891 मध्ये तोड काढली ती अशी: एका मोटरीने डायनॅमो फिरवायचा आणि त्याच्या डीसीवर दुसरी मोटर चालवायची. लिफ्टला, रोलिंग मिलला हे परवडलं. छोट्या लेथला कसं परवडणार? तिथे गिअरबॉक्सच राहिली.

खरा उपाय कागदावर सगळ्यांना माहीत होता: सायकलच बदला. अडलं होतं ते स्विचपाशी. 1957 मध्ये थायरिस्टर आला, 1968 मध्ये डेन्मार्कच्या डॅनफॉसने फ्रीक्वेन्सी ड्राइव्हचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. पण ड्राइव्ह छोट्या वर्कशॉपच्या आवाक्यात यायला आयजीबीटी लागला. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत जीई कंपनीत तो घडवणारे बी. जयंत बालिगा चेन्नईचे, आयआयटी मद्रासचे. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे?

ड्राइव्ह आलेल्या एसीचा आधी डीसी करतो, मग तो सेकंदाला हजारो वेळा तोडून हव्या त्या सायकलचा नवा एसी बनवतो. आता बटण फिरवलं की वेग बदलतो. मात्र 'लेथला ड्राइव्ह लावा, वीजबिल निम्मं करा' म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. मोठी बचत होते ती पंप आणि पंख्यांवर, कारण तिथे वेग निम्मा केला की लागणारी शक्ती साधारण आठव्या हिश्श्यावर येते. लेथचं गणित वेगळं. वेग निम्मा केलात तर मोटरीचा टॉर्क तेवढाच राहतो, म्हणजे शक्ती निम्मी होते. शिवाय मोटरीचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. म्हणून मी तरी सांगेन, बॅक गिअर काढून भंगारात देऊ नका.

आपल्याकडे, खेड्यात, ड्राइव्हला आणखी एक काम मिळालं. लोडशेडिंगच्या वर्षांत गावोगाव सिंगल फेजिंग झालं. घरात दिवे राहिले, पंखे राहिले. चांगलंच झालं. पण थ्री फेज ठरावीक तासांपुरती, आणि गावातला टर्नर त्या तासांची वाट बघत बसलेला. काहींनी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटरी चालवल्या आणि जाळल्याही. ड्राइव्ह मात्र 230 व्होल्टच्या सिंगल फेजवरून थ्री फेज बनवून देतो. दोन एचपीपर्यंतची मोटर सहसा स्टारमध्ये असते. टर्मिनलच्या पट्ट्या बदलून ती डेल्टा केली की काम चालू.

जुगाड उत्तम आहे, मी स्वतः सुचवतो. पण खर्च कोणाचा? जी थ्री फेज तारेतून यायला हवी, ती हा माणूस खिशातून पैसे घालून भिंतीवर टांगतो. वरून ड्राइव्ह वेडावाकडा प्रवाह ओढतो. असे बरेच ड्राइव्ह एका ट्रान्सफॉर्मरवर आले की तोही जास्त तापतो. गावात थ्री फेज रोज नेमकी किती तास असते आणि त्या ट्रान्सफॉर्मरवर किती वर्कशॉप आहेत, हे पुढच्या ग्रामसभेत लेखी विचारा.