ट्रकमधलं कूलंट कमी-जास्त का होतं? कधी चालतं, कधी धोका?

धाराशिव : उसाचा हंगाम लागला की ढोकी, रांजणीच्या कारखान्यांकडं रात्रंदिवस गाड्या चालू असतात. सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढणाऱ्या भरलेल्या गाड्याही रोजच्याच. लोड, चढ आणि ऊन एकत्र आलं की सगळा भार इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटवर येतो. 'काल टाकी भरलेली होती, आज कमी कशी?' हा प्रश्न चालकांना कायम पडतो. त्याचं उत्तर पाहू.

पातळी वर-खाली होणं कधी साधं असतं?

कूलंट तापलं की फुगतं. 20 लिटर कूलंट सकाळच्या गारव्यातून 90 अंशांपर्यंत तापलं, तर ते पाऊण लिटरच्या आसपास वाढतं. ही वाढ मावावी म्हणूनच बाजूची टाकी दिलेली असते. इंजिन गार झालं की पातळी पुन्हा खाली येते. त्यामुळं गरम गाडीत पातळी वर आणि थंड गाडीत खाली दिसणं हा बिघाड नाही.

नवीन कूलंट भरल्यावर पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पातळी थोडी उतरते. आत अडकलेली हवा बाहेर पडते म्हणून असं होतं. एकदा भर घालायची. नंतरही उतरत राहिली तर मात्र शोध घ्यायचा.

पातळी कशी बघायची?

सकाळी गाडी चालू करण्याआधी, सपाट जागेवर. टाकीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्या दोन्हींच्या मध्ये पाहिजे. मार्करनं टाकीवर खूण करा, किलोमीटर लिहून ठेवा. आठवड्यानं त्याच वेळी, त्याच जागी बघा. थंड गाडीत पातळी खुणेच्या खाली गेली असेल तर कूलंट कुठंतरी जातंय. गळती सापडल्याशिवाय नुसती भर घालत राहू नका.

कूलंट कुठं जातं?

• होज पाइप आणि क्लिप : जोडावर पांढरट किंवा रंगीत डाग दिसतो.
• वॉटर पंप : पंपाखालच्या बारीक छिद्रातून थेंब येतात. सील गेल्याची ती खूण आहे.
• रेडिएटरचं झाकण : रबर कडक झालं की दाब टिकत नाही, कूलंट बाहेर फेकलं जातं. वस्तू स्वस्त आहे, पण तिच्याकडं कुणाचं लक्ष नसतं.
• हेड गॅस्केट : गाडी चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येतात, ऑइल दुधाळ होतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत राहतो.
• ईजीआर कूलर : हा भाग फुटला तर खाली थेंबही पडत नाही. कूलंट धुरावाटे जातं. ज्या गाड्यांना ईजीआर आहे तिथं हेही तपासून घ्या.

काटा खाली म्हणजे इंजिन थंड, असं समजू नका. कूलंट फार कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो.

गरम गाडीचं झाकण उघडू नका

झाकण घट्ट असलं की आत दाब राहतो. एक बार जादा दाबाला पाणी 100 नाही, साधारण 120 अंशांना उकळतं. झाकण उघडताच दाब सुटतो आणि आतलं पाणी एकदम उकळून तोंडावर उडतं. चेहरा, डोळे भाजतात. गाडी हीट झाली तर सुरक्षित जागी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, पूर्ण गार होऊ द्या. वरचा पाइप हाताला थंड आणि मऊ लागल्यावरच जाड फडकं धरून झाकण हळूहळू सोडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

बोअरचं पाणी का नको?

आपल्याकडं बऱ्याच बोअरचं पाणी क्षाराचं आहे. पाणी तापवायच्या भांड्याला पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. नळ्या अरुंद होतात, आतला भाग गंजतो. तयार कूलंट असेल तर तसंच टाकायचं. घट्ट असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळायचं. प्रमाण साधारण निम्मं-निम्मं असतं, तरी डब्यावर आणि गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच धरा. नुसता रंग बघून दोन वेगळी कूलंट मिसळू नका, आत गाळ होतो. वाटेत अडचण आलीच तर स्वच्छ पाण्यावर गाडी गॅरेजपर्यंत न्या, पण नंतर ते काढून धुऊन घ्या.

बीएस-6 ट्रकच्या निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचं द्रावण असतं. त्यात कूलंट किंवा कूलंटच्या टाकीत ते टाकू नका.

उसाच्या गाड्यांसाठी खास

फडात गाडी लावली की पाचट आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत बसते. मग पातळी बरोबर असूनही इंजिन तापतं. इंजिन गार असताना जाळी हवेनं किंवा हलक्या पाण्यानं साफ करा. जोराचा फवारा मारला तर पत्रे वाकतात.

काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं आणि चव गोड. कुत्रं, वासरू चाटून मरू शकतं. डब्यात भरून, झाकण लावून, लेकरं आणि जनावरांपासून लांब ठेवा.

रोज सकाळी टाकीकडं बघायला दोन मिनिटं लागतात. पाइप किंवा झाकण वेळेत बदललं तर काम थोडक्यात भागतं. तशीच गाडी ओढली तर हेड वाकतं, इंजिन जाम होतं आणि ऐन हंगामात गाडी गॅरेजला उभी राहते.