सामान मागे न ठेवणारे डॉक्टर

इतिहास म्हटला की आपल्या पिढीला सनावळ्या आणि लढाया आठवतात. त्या लढायांत जखमींना कोणी उचलले, टाके कोणी घातले, हे परीक्षेला सहसा येत नसे. म्हणून या स्मरणिकेसाठी तोच प्रश्न निवडला.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले. भारताने लढाऊ सैन्य पाठवले नाही. पाठवले ते फिरते रुग्णालय. ‘६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स’ हे त्याचे नाव. नावावरून गाडी डोळ्यांसमोर येते, पण ही सुमारे साडेतीनशे जणांची लष्करी तुकडी होती. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे डॉक्टर तिचे प्रमुख. विमानातून पॅराशूटने उडी घेण्याचे शिक्षणही त्यांनी घेतलेले होते.

नोव्हेंबरमध्ये तुकडी कोरियात उतरली आणि प्योंगयांगला पोहोचते न पोहोचते तोच चिनी फौजांच्या रेट्यापुढे माघारीचा हुकूम आला. वाहने मिळेनात. माणसे निघू शकली असती, पण सोबत अनेक महिने पुरेल इतकी औषधे आणि शस्त्रक्रियेचे सारे साहित्य होते. ते टाकायला रंगराज तयार झाले नाहीत. स्टेशनवर एक वाफेचे इंजिन आणि काही डबे सापडले. जवानांनी हातोहात बादल्या देत इंजिनात पाणी भरले, सामान चढवले आणि आपल्याच माणसांकरवी गाडी हाकली. पूल उडवले जाण्याच्या थोडेच आधी ती तेदोंग नदीपार गेली.

मी इंजिनिअर असल्यामुळे असेल, मला या प्रसंगात निव्वळ धाडस दिसत नाही. भूल द्यायचे औषध नसेल, उपकरणे उकळायची सोय नसेल, तर निष्णात सर्जनही हतबल होतो. त्या डब्यांत पुढच्या कित्येक जखमींचे प्राण होते.

पुढे तुकडीचा एक भाग राष्ट्रकुल ब्रिगेडबरोबर आघाडीवर राहिला, दुसऱ्याने देगूमध्ये नागरिकांवरही उपचार केले. २३ मार्च १९५१ रोजी मुन्सानजवळ हजारो अमेरिकन छत्रीधारी सैनिक उतरले, तेव्हा रंगराज आणि त्यांचे मोजके सहकारीही त्यांच्यासोबत उडी घेऊन खाली आले आणि तिथेच जखमींवर शस्त्रक्रिया करू लागले. रंगराज यांना महावीर चक्र मिळाले.

१९५३ मध्ये युद्ध थांबले. मायदेशी परतायला नकार देणाऱ्या बावीस हजारांहून अधिक युद्धकैद्यांची देखरेख भारतीय दलाकडे आली. त्या दलाचे प्रमुख होते आपले मराठी मेजर जनरल शंकरराव थोरात. आता याच डॉक्टरांसमोर कैदी रुग्ण म्हणून आले. कालपर्यंत ते कोणत्या बाजूने लढत होते, याने उपचारात फरक पडायचा नव्हता.

आपल्या बॅचमधले कितीतरी जण आज डॉक्टर आहेत, नर्स आहेत, लष्करात आहेत. त्यांच्या कामाच्या या पूर्वजांची ओळख आपल्या मुलांना पुस्तकातून झाली नाही, तर आपण करून देऊ या.