जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

इ. स. १९९० च्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयाला एका मोटारगाडीची ओळख ठरवावी लागली. गाडी होती बेंटली कारखान्याची. तिचे नाव 'ओल्ड नंबर वन'. जुन्या गाड्यांचा उद्धार करणाऱ्या एका इंग्रज कारागिराने ती एक कोटी पौंडांस विकण्याचा करार एका कंपनीशी केला होता. पुढे कंपनीने माघार घेतली. तिचे म्हणणे असे की, फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत दोनदा जिंकणारी गाडी ही नव्हेच; त्या गाडीचे आता नाव तेवढे उरले आहे. वरवर पाहता हा पैशाचा तंटा. परंतु जुन्या मोटारींचा नाद लागलेल्या प्रत्येकाला आज ना उद्या पडणारा प्रश्नच येथे न्यायासनापुढे उभा राहिला. एकेक भाग बदलत गेल्यावर गाडी तीच राहते काय?

या गाडीचे चरित्र मोठे घडामोडींचे आहे. १९२९ साली वुल्फ बार्नाटो आणि हेन्री बर्किन यांनी तिच्यातून ल मांची शर्यत जिंकली. १९३० साली बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी पुन्हा जिंकली. हा बार्नाटो किंबर्लेच्या हिऱ्यांच्या खाणींतून आलेल्या संपत्तीचा वारस आणि बेंटली कंपनीचा अध्यक्ष. ल मांला तो तीन वेळा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला. त्याच्या पैशाने कंपनी काही वर्षे तगली खरी, पण १९३१ साली ती बुडाली आणि रोल्स-रॉइसने विकत घेतली. गाडी मात्र शर्यती पळतच राहिली. प्रत्येक शर्यतीनंतर झिजलेले काढावे, नवे बसवावे, हा शर्यतीच्या गाडीचा नित्यधर्मच आहे. १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे मोठे इंजिन बसविण्यात आले. त्याच वर्षी ब्रुकलंड्सच्या उतरत्या कडांच्या मार्गावर ती काठावरून पलीकडे गेली आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी ठार झाला. उरलेल्या गाडीवर बार्नाटोने बंद टपाचे नवे अंग चढविले. पुढच्या काळात ते उतरवून पुन्हा उघडे अंग आले.

अशा गाड्यांना सुटे भाग मिळतात तरी कोठून? १९२१ ते १९३१ या काळात बेंटलीच्या गाड्या सुमारे तीन हजारच बनल्या. कारखाना सांगाडा व इंजिन तेवढे विकी; वरचे अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावे. यामुळे पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडली. जड, बंद टपाच्या कित्येक गाड्यांची अंगे उतरवून त्यांना शर्यतीच्या गाडीचा डौल देण्यात आला. एकीचे इंजिन दुसरीत गेले, तिसरीचा आस चौथीला लागला. आपली गाडी जगविण्यासाठी दुसरीचे अवयव वापरणे हा या छंदाचा जुना रिवाज आहे. त्यात सगळेच काही हळहळण्यासारखे नाही. एकही भाग हलवू न देण्याचा हट्ट धरला असता, तर यांतील बहुतेक गाड्या भंगारात गेल्या असत्या.

१९३० साली ब्रिटनमध्ये अतिप्राचीन मोटारींच्या हौशी मालकांनी आपला क्लब स्थापन केला. १९३६ साली बेंटलीवाल्यांचा स्वतंत्र क्लब निघाला. देवघेवीचा खरा बाजार मात्र नंतर भरू लागला. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातील हर्शी या चॉकलेटच्या कारखान्याच्या गावी १९५५ पासून, आणि इंग्लंडात बोलू या खेड्यात लॉर्ड माँटेग्यू यांच्या संग्रहालयाशी १९६७ पासून. मुंबईचा चोरबाजार पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटू नये. गंजलेले दिवे, मॅग्नेटो, कार्ब्युरेटर, काटे थांबलेली घड्याळे मांडलेली असतात, आणि डाव्या बाजूचे दोन दिवे जवळ असलेला मनुष्य उजव्या बाजूचे दोन असलेल्याचा शोध करीत हिंडत असतो.

जे बाजारातही मिळत नाही ते नव्याने घडवावे लागते. लाकडी नमुना करून वाळूच्या साच्यात धातू ओतायचा. थंड होताना धातू आकसतो, म्हणून नमुना किंचित मोठा ठेवायचा. जुन्या बेअरिंगांत पांढरा मिश्रधातू वितळवून ओतायचा आणि मग हाताने खरवडून आसाला बेताचा बसवायचा. ओताऱ्याची आणि सुताराची ही विद्या मोठ्या कारखान्यांतून जवळजवळ गेली. ती या हौशी लोकांच्या आश्रयाने टिकली आहे.

न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांची जी साक्ष झाली, तिच्यातून निघालेला हिशेब फार थोडक्यात आटोपतो. १९३० च्या विजयी गाडीपैकी पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढेच शिल्लक होते. तरीही निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला. ही गाडी जशीच्या तशी मूळची आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले नाही. पण नवे भाग एकदम न येता क्रमाक्रमाने आले, जुन्यात मुरत गेले, १९२९ पासून तिच्या इतिहासात कोठेही खंड पडला नाही आणि या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नाही. म्हणून हीच ती, असा त्यांचा निर्णय झाला. इंदूरच्या वाचकांना हा न्याय नवा वाटू नये. अहिल्याबाई होळकरांनी काशीला विश्वनाथाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले. दगड नवे होते म्हणून यात्रेकरूंनी वेगळे दैवत मानले नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण हैदराबादेत आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची एक पिवळी गाडी मागविली. ती येण्यापूर्वीच, १९११ साली, ते निवर्तले. राजवैभवाच्या मिरवणुकीसाठी केलेली ही गाडी उभ्या आयुष्यात चारशे मैलही धावली नाही. तथापि नुसत्या उभे राहण्यानेही ती जीर्ण झाली आणि अखेर तिचाही उद्धार करावा लागला. ती आज चौमहल्ला राजवाड्यात दिसते. संस्थानिकांच्या सगळ्याच गाड्यांचे भाग्य असे नव्हते. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग अमेरिकेस गेली. जुन्या मोटारींच्या निर्यातीस सरकारने बंदी घातली ती १९७२ साली.

गाडीची ओळख लोखंडात नसून तिच्या अखंड वृत्तान्तात आहे असे एकदा ठरले, की वृत्तान्ताचा पुरावाही मोलाचा होतो. हर्शीला आणि बोलूला कार्ब्युरेटरांच्या शेजारी कागदांची खोकी मांडलेली असतात. त्यांत जुनी नोंदपुस्तके, कारखान्यांच्या माहितीपुस्तिका आणि छायाचित्रे असतात. घासाघीस येथेही तेवढ्याच चिकाटीने चालते.