रक्तदाबाचा ताळेबंद

गेल्या महिन्यात एकाच संध्याकाळी माझे तीन रक्तदाब निघाले. डॉक्टरांकडे १५२, कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे १३८ आणि मेव्हण्याने भेट दिलेल्या यंत्रावर १२९. पहिला आकडा खरा तर जन्मभराची गोळी, शेवटचा खरा तर लोणचं-पापड चालू. आमच्या बँकेत एका खात्याच्या अशा तीन शिल्लका निघाल्या असत्या, तर मी आज घरी बसलो असतो! तेव्हा म्हटलं, या यंत्रांचं ऑडिट करतं तरी कोण?

या खात्यातली जुनी नोंद एका घोडीच्या नावावर आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लिश पाद्रीबुवांनी तिच्या धमनीत पितळी नळी घालून वर काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फूट तीन इंच चढलं. हे त्यांनी १७३३ साली छापलं. माप अचूक होतं, पण गिऱ्हाईक पुन्हा येण्यासारखं नव्हतं. पुढे १८९६ साली इटलीत रिवा-रोच्चीने दंडाला पट्टा बांधून पारा चढवला. पट्टा होता जेमतेम पाच सेंटीमीटर रुंद, त्यामुळे दाब उगाच जास्त दिसे. ही चूक १९०१ साली रेक्लिंगहाउझेनने दाखवली. मग १९०५ साली रशियात कोरोत्कोव्हने स्टेथोस्कोप लावला आणि आजची पद्धत सुरू झाली.

पण पारा खोटं बोलत नसला तरी पाऱ्याकडे बघणारा माणूसच असतो. त्याला शून्याचा भारी सोस! १३७ दिसले की १४० लिहून मोकळा. त्यावर उपाय म्हणून १९७० साली फिरत्या शून्याचं यंत्र निघालं. चाक फिरवलं की शून्य भलतीकडेच सरकायचं, आणि ते किती सरकलं हे मोजून झाल्यावरच कळायचं. संशोधकांनी वर्षानुवर्षं ते प्रमाण मानलं. मग १९९० साली डब्लिनच्या डॉक्टरांनी त्याचीच तपासणी केली, तर ते कमी दाखवतं असं निघालं. म्हणजे ऑडिटरचीच वही चुकलेली!

हल्लीची रीत आमच्यासारखी आहे. २०१८ साली ठरलेल्या जागतिक नियमाप्रमाणे किमान ८५ माणसं घेतात. दोन निरीक्षक एकमेकांचं न बघता मोजतात, आणि त्यांच्यात चारापेक्षा जास्त फरक पडला तर ते माप रद्द. यंत्राची सरासरी चूक पाचाच्या आत हवी. आता बी.कॉम.ला आम्ही शिकलोय की इथे आठ जास्त आणि तिथे आठ कमी लिहिले तरी ट्रायल बॅलन्स जुळतो. म्हणून चुकांचा विखुरलेपणाही आठाच्या आत हवा, अशी दुसरी अट आहे. तरीही पास झालेलं यंत्र पंचाऐंशी दंडांवर पास झालेलं असतं. त्यांत माझा दंड नसतो, ही माझी अडचण.

हे सगळं मी सौ.ला समजावून सांगत असतानाच तिने पट्टा आवळून बटण दाबलं. १५६!

"अहो, मोजताना बोलू नये असं पुस्तिकेत लिहिलंय," ती म्हणाली.

पाच मिनिटं गप्प बसल्यावर १३४ आले. डॉक्टरांनी आता आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजून वही आणायला सांगितली आहे. गोळीचं त्यावरच ठरणार. मी रकाने आखून नोंदी सुरू केल्या आहेत. आज सकाळी १३२ आले. खरं सांगतो, वहीत १३० लिहिले.