चौक, मुखवटा आणि ड्रॉइंगचा तास

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात ड्रॉइंगच्या तासाला जागा असते, पण मान नसतो. गणिताचा भाग मागे राहिला की पहिली गदा ह्याच तासावर येते. हा तास आपल्याकडे आला कसा, आणि जव्हार-मोखाड्यासारख्या डोंगरी मुलखात तो पोचला तेव्हा तिथे अगोदरच काय नांदत होते, हे इतिहासाच्या अंगाने पाहण्यासारखे आहे.

मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा निघाली ती १८५७ साली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग आणि जॉन ग्रिफिथ्स हे शिक्षक विलायतेहून तिथे आले. कारागिराचा हात तयार व्हावा, हा त्या काळच्या कलाशिक्षणाचा एक मुख्य हेतू. पुढे शाळाशाळांतून एलिमेंटरी व इंटरमीजिएट परीक्षा रूढ झाल्या, त्यांवरही ह्या हेतूची छाप दिसते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन असा तो क्रम. १९६५ साली राज्याचे कला संचालनालय झाले. ह्या परीक्षा आज तेच घेते. त्यांना नावे ठेवण्याचे काही कारण नाही. हात वळणावर येणे ही थोडीथोडकी गोष्ट नव्हे. पण चित्र काढायला शिकवले, ते पाहायला कोणी शिकवायचे?

पाहण्याच्या शिक्षणाचा दाखला त्याच कलाशाळेच्या इतिहासात आहे. १८७२ ते १८८५ ह्या काळात ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात आणि लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या नकला करवून घेत. त्यांतल्या पुष्कळशा नकला लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथे लागलेल्या आगीत जळाल्या. नकला जळाल्या खऱ्या. पण त्या भिंतींसमोर दिवसेंदिवस बसून विद्यार्थ्यांची जी नजर तयार झाली, ती काही जळाली नाही.

आता जव्हारकडे वळू. मुकणे घराण्याचे हे संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झाले. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशी इथली वस्ती. ह्या टापूतही चित्राची भिंत होती, आणि तीही जिवंत. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात. 'लिहितात' हाच त्यांचा शब्द. तांदळाच्या पिठाचे पाणी आणि टोक ठेचलेली काडी, एवढेच साहित्य. मध्ये पालघट देवी, सभोवार नक्षी, बाहेर झाडे, जनावरे, माणसे. चौकावाचून लग्न नाही. मुली हे आईशेजारी बसून शिकत. तिथे परीक्षा नव्हती, पण परीक्षक पुष्कळ होते. सारे वऱ्हाडच भिंतीपुढे उभे असे!

ह्या भिंतीकडे बाहेरच्या जगाचे खऱ्या अर्थाने लक्ष गेले ते १९७० नंतर. मधुबनीच्या स्त्रियांच्या हाती कागद देणारे भास्कर कुलकर्णी इकडे आले आणि भिंतीवरचे चित्र कागदावर उतरले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) ह्या कलेचे थोर चित्रकार ठरले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कलेला मान मिळाला, घरांना रोजगार मिळाला. ह्यात वाईट काही नाही.

मात्र एक विचित्र गोष्ट घडली. जी कला घरातून शाळेत जायची, ती शहर फिरून शाळेत आली. 'वारली' म्हणजे दोन त्रिकोण, वर एक गोल, कडेला नक्षी; तक्ता बघा आणि उतरवा, झालं! पुण्यातल्या मुलाने हे केले तर समजू शकते. पण जिच्या आजीने चौक लिहिला, ती आश्रमशाळेतली मुलगी छापील तक्त्यावरून त्रिकोण गिरवते, तेव्हा तिच्या पदरात नकलेची नक्कल पडते. शिवाय वर्गातली सगळी मुले वारली नसतात. कोकणा किंवा ठाकूर मुलाच्या घरची परंपरा कोणती, हे त्याला विचारायचे कोणी?

ह्या मुलांना कलेचा आस्वाद शिकवायला मुंबईचे वस्तुसंग्रहालय कशाला हवे? बोहाडाच घ्या. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास मोखाडा-जव्हारकडे बोहाड्याची सोंगे निघतात. गणपती, शारदा, रावण, नरसिंह, आणि महिषासुराला मारणारी जगदंबा. मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता बहुधा कागदाच्या लगद्याचे असतात. असा एखादा मुखवटा दिवसा वर्गात आणावा. मुलांना विचारावे, डोळे इतके वटारलेले का? रंग इतके भडक का? मग रात्री तोच मुखवटा टेंभ्याच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर डुलताना पाहायला सांगावे. उत्तर ज्याचे त्याला सापडेल. टेबलावर भडक वाटलेला रंग हलत्या ज्योतीत अगदी नेमका वाटतो. वस्तू कुठे, कोणासाठी आणि कोणत्या प्रकाशात पाहायची, हा रसग्रहणाचा पहिला धडा आहे. तो ज्याला कळला, त्याला पुढे अजिंठाही कळेल.

चौकाचेही तसेच. गिरवण्यापूर्वी विचारावे, देवी मध्येच का? माणसांच्या सावल्या का नाहीत? स्थिरचित्रात आपण एका बाजूने उजेड घेतो, इथे घेत नाही. मग इथली माणसे चालताना कशी दिसतात? दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की मुलाला उमगते की चित्र काढण्याची रीत एकच नाही, आणि आपली रीत उणी तर मुळीच नाही.

चौक लिहिणाऱ्या आज्या अजून काही पाड्यांवर आहेत. त्यांना वर्गात सन्मानाने बोलवावे, भिंतीपुढे बसवावे आणि मुलांना नुसते पाहू द्यावे. ड्रॉइंगचा तास त्यासाठी पुरेसा आहे. गणिताच्या शिक्षकांनी तो मागून घेऊ नये, एवढीच विनंती!