सहा महिन्यांचा अर्धवट सल्ला

असुरक्षित संबंध आला, समोरच्या व्यक्तीला हिपॅटायटिस असावा अशी शंका मागाहून आली, तर छत्रपती संभाजीनगरात ठरलेला सल्ला मिळतो. मित्र देतो, मेडिकलवाला देतो, कधी लॅबच्या काउंटरवरचा पोऱ्याही देतो: ‘आत्ता तपासून काही उपयोग नाही. सहा महिने थांब, मग टेस्ट कर. त्याआधीचे रिपोर्ट सगळे खोटे.’

हे मत अडाणीपणाचं म्हणून झटकता येत नाही, कारण त्याला पुस्तकातला आधार आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 30 ते 180 दिवस जाऊ शकतात. विषाणूचं सरफेस अँटिजेन, म्हणजे रिपोर्टवरचं ‘एचबीएसएजी’, रक्तात सहा महिन्यांहून अधिक टिकलं तर आजार जुनाट झाला असं डॉक्टर धरतात. शंका पुरती फिटावी म्हणून शेवटची तपासणी सहाव्या महिन्यात करावी, हेही खरं. पूर्वपक्षाला इतकं देऊन टाकू.

पण लक्षणं कधी दिसतील, आजार जुनाट कधी म्हणायचा आणि विषाणू तपासणीत कधी सापडेल, हे तीन निराळे प्रश्न आहेत. लोकांनी तिन्हींना एकच उत्तर चिकटवलं. सरफेस अँटिजेन संसर्गानंतर सरासरी चार आठवड्यांत रक्तात सापडू लागतं. कुणाच्या बाबतीत एका आठवड्यानेच, कुणाला नऊ आठवडेही लागतात. म्हणजे दोन-अडीच महिन्यांनी केलेली तपासणी बरंच काही सांगते. तिला खोटी म्हणून फाडून टाकण्याचं कारण नाही.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे. चौथ्या दिवशी रॅपिड कार्डवर सीरमचे थेंब टाकायचे, वीसेक मिनिटांत ‘सी’समोर रेघ उमटते, ‘टी’समोर उमटत नाही, छापील कागदावर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’ येतं आणि माणूस सुटकेचा श्वास टाकतो. त्या कागदाने त्या रात्रीबद्दल काहीच सांगितलेलं नसतं. त्याने सांगितलं ते त्याआधीच्या आयुष्याबद्दल. म्हणून तो निरुपयोगी मात्र नाही. पहिल्या काही दिवसांतला नमुना ही पायाभूत नोंद. पुढे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर संसर्ग आधीचा की नवा, हे त्याच कागदावरून कळतं. आणि आधीचाच निघाला, तर उपचार सहा महिने आधी सुरू होण्याची सोय झाली.

आणखी एक मेख आहे. काही रुग्णांत सरफेस अँटिजेन रक्तातून उतरलेलं असतं आणि संरक्षक अँटिबॉडी अजून आलेली नसते. त्या मधल्या काळात नुसतं एचबीएसएजी तपासलं तर निगेटिव्ह येतं. तिथे ‘अँटी-एचबीसी’ हीच तपासणी उपयोगी पडते. ‘फुल बॉडी’ पॅकेजात ती बहुधा नसते. मागून घ्यावी लागते.

पण या सल्ल्यावरचा माझा मुख्य आक्षेप तारखांचा नाही. ‘थांब’ म्हणताना तो पहिल्या चोवीस तासांचं काम गिळून टाकतो, हा आहे. हिपॅटायटिस बीवर लस आहे आणि ती संपर्कानंतरही उपयोगी पडते. शक्यतो चोवीस तासांत पहिला डोस घ्यावा. समोरची व्यक्ती पॉझिटिव्ह असल्याचं ठाऊक असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात. लैंगिक संपर्कानंतर त्याची मुदत 14 दिवसांची, पण जितकं लवकर तितकं चांगलं. एचआयव्हीच्या प्रतिबंधक औषधांची मुदत 72 तासांची, म्हणून तोही विषय त्याच फेरीत डॉक्टरांपुढे काढावा. रिपोर्टची वाट बघत बसलेल्याच्या हातून नेमके हेच तास निसटतात.

‘लस तर लहानपणीच झाली असेल,’ असं कॉलेजातली मुलं म्हणतात. सरकारी लसीकरणात ही लस देशभर 2011-12च्या सुमारास पोचली. आज पंचविशी-तिशीत असलेल्या कित्येकांना ती मिळालेलीच नाही. लसीकरणाचं कार्ड हाती नसेल तर नाही असंच समजावं. लस घेतल्यावर दोन-तीन आठवडे मात्र एचबीएसएजी तपासू नये. लसीतलं अँटिजेनच रक्तात सापडून रिपोर्ट काही दिवस खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, आणि मग घरात नाहक आकांत होतो.

‘डोळे पिवळे झाले नाहीत, म्हणजे काही नाही,’ या समजुतीचाही समाचार घ्यायला हवा. मोठ्या माणसांत निम्म्याहून अधिकांना या संसर्गात कावीळ दिसतच नाही. आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात तो हाच संसर्ग. इचलकरंजीत 2012 साली हजारो लोकांना कावीळ झाली ती दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ईची. त्या अनुभवावरून बीचा अंदाज बांधता येत नाही. बी रक्तातून आणि शरीरस्रावांतून जातो. गुजरातेत मोडासा भागात 2009 साली पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंजांमुळे त्याची साथ पसरली आणि ऐंशीहून अधिक माणसं दगावली. तिथे कुणाच्या चारित्र्याचा प्रश्नच नव्हता.

हिपॅटायटिस सीचं गणित वेगळं. त्यावर लस नाही. अँटिबॉडी सापडायला आठ ते अकरा आठवडे लागतात. विषाणूचा आरएनए एक-दोन आठवड्यांतच मिळतो. स्त्री-पुरुष संबंधांतून तो क्वचितच पसरतो. अमेरिकेत 500 जोडप्यांच्या अभ्यासात दर 1,90,000 संबंधांमागे फार तर एक संसर्ग, असा अंदाज निघाला. झालाच, तरी 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून अधिक बरे होतात.

‘रक्तदान करू, फुकटात तपासणी होईल,’ असा शहाणपणा कुणी सांगितला तर ऐकू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत ती पिशवी चाचणीतून सुटू शकते आणि ज्याला चढते त्याचं नुकसान होतं. शंका फिटेपर्यंत रक्तदान नाही आणि निरोधशिवाय संबंध नाही. फुकट तपासणीसाठी त्याची गरजही नाही. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतली तपासणी आणि औषधं मोफत आहेत. आपल्याकडे चौकशीला घाटी रुग्णालय आहेच. प्रौढांची लस बहुतेकांना मेडिकलमधून विकत घ्यावी लागते, आणि ती कोणत्याही डॉक्टरकडे टोचून मिळते. कारण विचारलं तर ‘हिपॅटायटिस बीची लस घ्यायची राहिली होती’ इतकं सांगितलं तरी पुरतं. नाव-गाव-किस्सा सांगण्याची सक्ती नाही.

लसीचे डोस तीन: आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. शेवटच्या तपासणीसाठी सहाव्या महिन्यात जाल, तेव्हा तिसरा डोसही त्याच खेपेत घेऊन या.